उलाळ गाडी

(दहावी, मार्च 1984 च्या तुकडीच्या चाळीस वर्षांनंतरच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलणे जसे झाले तसेच ठेवले आहे; फक्त टाळ्या आणि मधल्या शेरेबाजीला कात्री लावली आहे.)



आयोजकांनी मला विषय दिला होता, ‘आयुष्याने शिकवलेली एक गोष्ट’. मी त्यांना म्हटलं, मी गॅरेजवाला माणूस, मला आयुष्याबद्दल बोलता येत नाही, गाडीबद्दल येतं. ते म्हणाले, मग गाडीबद्दल बोल, पण वीस मिनिटांत आटप, मागे जेवण गार होतंय. म्हणून आज मी छोट्या गाडीला मागे ट्रॉली कशी लावावी यावर बोलणार आहे. हसू नका. विषय एवढा साधा नाही, आणि शेवटी मला तुम्हा सगळ्यांना एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगायला मी सव्वीस वर्षं लावली.

सकाळी तुम्ही ग्राउंडवर आलात तेव्हा माझी गाडी आणि तिच्यामागची निळी ट्रॉली पाहिली असेल. आत्ता तुम्ही बसलाय त्या खुर्च्यांपैकी साठ खुर्च्या तिच्यातून आल्या. ट्रॉली आपला शब्द. ट्रॅक्टरच्या मागची ती ट्रॉली, आणि हिचं तिच्याशी नातं सख्ख्या बहिणीचं. आरटीओच्या कागदावर मात्र तिला ट्रेलर म्हणतात.

हिची गोष्ट सुरू होते आपल्या दहावीच्या वर्षात. 14 डिसेंबर 1983 ला मारुती 800 ची पहिली गाडी दिल्लीत दिली गेली, तेव्हा आपली सहामाही होऊन गेली होती. मला आठवतं, वर्गात कुणीतरी पेपरमधला फोटो आणला होता आणि मागच्या बाकावर भांडण लागलं होतं, की एवढीशी गाडी खंडाळ्याचा घाट चढेल का. माझ्या बाकावरचा सोबती म्हणाला, चढेल. मी म्हटलं, नाही चढणार. पैज लागली एका वडापावची. तो वडापाव मी अजून दिलेला नाही. त्याचं नाव मी आज घेणार नाही, त्यानेच तसं सांगितलंय. तो तिसऱ्या रांगेत बसलाय आणि तुम्ही सगळे त्याला ओळखता.

घाट म्हटलं की आमच्या घरात एकच विषय. माझे वडील रेल्वेत होते, बँकर इंजिनावर. लोणावळ्याच्या पोरांना बँकर सांगायला नको, पण बाहेरगावी गेलेल्यांची मुलं आज आली आहेत म्हणून सांगतो. कर्जतहून लोणावळ्याला येताना गाडीला जवळपास 28 किलोमीटरमध्ये सुमारे 550 मीटर वर चढावं लागतं. 1863 साली हा मार्ग सुरू झाला तेव्हापासून त्याचा सगळ्यात कडक चढ 1 ला 37. म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. कर्जतला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात आणि ती गाडीला ढकलत वर आणतात. लोणावळ्यात ती सुटतात. डेक्कन क्वीनलासुद्धा हा मागचा हात लागतो.

मी लहानपणी वडिलांना विचारलं होतं, इंजिनं मागे का, पुढेच का लावत नाही? त्यांनी मला दोन कारणं सांगितली. एक, सगळी ताकद पुढून लावली तर सगळा ताण पहिल्या डब्याच्या जोडावर येतो आणि जोड तुटायची भीती. दुसरं, जोड तुटलाच, तर सुटलेले डबे उलटे कर्जतकडे पळत सुटतील. मागे इंजिन असलं की ते पाठीला पाठ लावून उभं असतं.

आणि मग त्यांनी एक हिशोब सांगितला. हजार किलो वजन 1 ला 37 च्या चढावर चढवायचं तर चाकांचं घर्षण सोडून नुसत्या चढासाठी साधारण 27 किलोचा ओढ लागतो. हजाराला सदतीसने भागायचं, झालं. मी म्हटलं, बस्स एवढंच? ते म्हणाले, “एवढंच. चढणीला ताकद लागते, ती विकत मिळते. उताराला अक्कल लागते, ती मिळत नाही.”

उतारावर रेल्वे काय करते ते बघण्यासारखं आहे. घाट उतरणाऱ्या गाडीचे ब्रेक आधी तपासतात, आणि वाटेत ‘कॅच सायडिंग’ असतात. म्हणजे रूळ मुद्दाम एका चढाच्या फाट्याकडे वळवून ठेवलेला असतो. ड्रायव्हरने गाडी थांबवून दाखवली, म्हणजे ती त्याच्या ताब्यात आहे हे सिद्ध केलं, की मगच मुख्य मार्ग मोकळा होतो. ताबा सुटलेली गाडी आपोआप त्या फाट्यावर चढते आणि थकून थांबते. तुला उतरायचंय? आधी थांबून दाखव. मी हे दहाव्या वर्षी ऐकलं होतं. कळलं तिसाव्या वर्षी.

आता ट्रॉलीकडे. 1995 साली मी जुनी मारुती 800 घेतली. माझं आजोळ पवन मावळात, मामाची भाताची शेती. इंद्रायणी तांदूळ आपल्या वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातला, आंबेमोहोर आणि आयआर-8 यांच्या संकरातून काढलेला, 1987 साली बाहेर आला, आणि पाच-सात वर्षांत लोणावळ्याच्या बंगलेवाल्यांपासून खोपोलीच्या दुकानदारांपर्यंत सगळे इंद्रायणीच मागायला लागले. मामाकडे तांदूळ होता, माझ्याकडे गिऱ्हाईक होतं, टेम्पो घ्यायला पैसे नव्हते. मग 1996 च्या उन्हाळ्यात गॅरेजमध्ये मी एक ट्रॉली बनवली. भंगारातल्या गाडीचा मागचा आक्सल, चौकोनी पाइपची चौकट, पत्र्याचा हौदा, पुढे दांडी आणि दांडीच्या टोकाला हूक. रिकामी भरली दीडशे किलो. माझा हा बाकावरचा सोबती वेल्डिंगला माझ्याबरोबर होता. दोघांनी मिळून केलेली पहिली वस्तू.

तिचे कागद केले नाहीत. हे आधी कबूल करतो. मोटार वाहन कायदा 1988 चा. त्यात ट्रेलर हे वेगळं वाहन धरलंय, त्याची वेगळी नोंदणी लागते, त्याचा नंबर त्याच्या अंगावर लागतो आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रेलरच्या पाठीवर लागतो. मला हे तेव्हा माहीत नव्हतं असं मी म्हणू शकतो, पण खरं सांगायचं तर मी विचारलंच नाही.

पहिली गंमत रिव्हर्सची. याच ग्राउंडवर मी रविवारी सराव करायचो. ट्रॉली असताना गाडी मागे घेणं म्हणजे आरशात बघून दाढी करण्यासारखं, सगळं उलटं. स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रॉली डावीकडे. आणि ट्रॉली जितकी आखूड तितकी ती चटकन दुमडते, बघता बघता गाडीला काटकोनात येऊन उभी. मी शाळेच्या भिंतीला तिसऱ्यांदा धडक दिली तेव्हा आपले शिपाईमामा घंटेची काठी घेऊन आले होते. त्या दिवशी सापडलेली युक्ती तुम्हाला फुकट देतो. हात स्टिअरिंगच्या वर नाही, खाली धरायचा, घड्याळात सहा वाजतात तिथे. मग ट्रॉली ज्या बाजूला न्यायची त्या बाजूला हात न्यायचा. थोडं थोडं, आणि सावकाश. बिघडलं की हट्ट करायचा नाही, पुढे जाऊन सरळ करायचं आणि पुन्हा यायचं. ज्यांची मुलं बारावीत आहेत त्यांनी ही शेवटची ओळ लिहून घ्यावी.

दीड वर्ष ट्रॉली छान चालली. कामशेतच्या खिंडीतून यायचो, कार्ल्याला एक गिऱ्हाईक, लोणावळ्यात सहा-सात. नेहमी शंभर-दीडशे किलो माल. चढाला दुसरा गिअर, गाडी कुरकुरायची पण यायची. मला वाटायला लागलं की मला सगळं येतं.

फेब्रुवारी 1998. एक्स्प्रेसवे अजून झालेला नव्हता, सगळा मुंबई-पुणे रस्ता जुन्या घाटातूनच. खोपोलीच्या एका दुकानदाराने इंद्रायणीची पाच पोती मागितली, पन्नास किलोची. कर्जतच्या एकाने दोन पोती तांदूळ आणि सहा पोती पोहे. एकूण माल साडेचारशे किलोच्या घरात. दीडशे ट्रॉली. म्हणजे सहाशे किलो, आणि माझी मारुती रिकामी साधारण साडेसहाशे. मांजराने मागे मांजर बांधलं. त्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नव्हते. जिला ब्रेक नाहीत अशा ट्रॉलीचं भरलेलं वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या निम्म्यावर जाऊ नये, ही युरोपातही पाळतात अशी रीत मी पुढे वाचली. माझं जवळपास दुप्पट होतं.

पण ते पाप अर्धंच. दुसरं अर्ध पाप पोती कुठे ठेवली ते. खोपोली आधी येणार, कर्जत नंतर. मी म्हटलं, खोपोलीचा माल मागे फळीजवळ ठेवू, तिथे उतरवायला सोपं. कर्जतचे पोहे पुढे. म्हणजे हलका माल दांडीकडे आणि अडीचशे किलो तांदूळ चाकांच्या मागे, शेपटाला. माझा सोबती बरोबर येणार होता. त्याने ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली, दांडी हाताने उचलून बघितली, आणि म्हणाला, “अरे, ही उलाळ झाली. दांडी आपोआप वर येतेय. जड माल पुढे घे. सरांची फूटपट्टी आठवते का?”

सर, तुम्ही इथे आहात म्हणून सांगतो. नववीत तुम्ही तरफ शिकवताना टेबलावर पेन्सिल ठेवली, तिच्यावर लाकडी फूटपट्टी ठेवली, आणि एकच खोडरबर तीन ठिकाणी ठेवून दाखवलंत. वजन तेच, पण जागा बदलली की पट्टी इकडची तिकडे. तुम्ही म्हणालात, वजन किती हे बाजारात विचारतात, शास्त्रात विचारतात वजन कुठे. त्या चाचणीत मला दहापैकी तीन मिळाले होते, आणि याला नऊ.

आणि उलाळ हा शब्द तर आमच्या मामाच्या गोठ्यातला. बैलगाडी मागे जड झाली की ती उलाळ. जू वर उचलतं आणि बैलांचा गळा पट्ट्याने आवळतो. मामा गाडी भरून झाली की एका हाताने धुरा उचलून बघायचा. फार हलकी लागली तर मागचं गवत पुढे, फार जड लागली तर पुढचं मागे, कारण बैलाच्या मानेलाही मर्यादा आहे. ज्याने शाळेचं तोंड पाहिलं नाही त्याला हे येत होतं, ज्याला नऊ मार्क होते त्याने मला सांगितलं. मी काय म्हणालो? मी म्हणालो, “अर्ध्या तासाचा रस्ता आहे. पुन्हा कोण उतरवत बसणार?”

पुढचं तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. म्हणजे मी सांगितलं ते ऐकलंय. खंडाळा सोडलं, अमृतांजन पुलाचं वळण गेलं, शिंग्रोबाच्या देवळाच्या अलीकडचा उतार. शिंग्रोबाची गोष्ट आपल्याला माहीत आहे, इंग्रजांना या घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणतात, येणारेजाणारे ड्रायव्हर तिथे नाणं टाकतात. मी तिसऱ्या गिअरमध्ये होतो, वेग पन्नासच्या आसपास. मला ट्रॉलीची शेपटी हललेली जाणवली. आधी जरा डावीकडे, मग जरा उजवीकडे, मग जास्त, मग आणखी जास्त, कुत्र्याने शेपूट हलवावी आणि शेपटीनेच कुत्र्याला हलवावं तसं. ट्रॉलीचं शेपूट जड असल्यामुळे हूक वर उचलला जात होता, माझी मागची चाकं हलकी झाली होती, आणि हलक्या चाकाला रस्ता धरता येत नाही.

अशा वेळी काय करायचं? ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, झोक्याशी भांडायचं नाही, वेग आपोआप उतरू द्यायचा. मी काय केलं? मी घाबरून ब्रेक दाबला, पूर्ण. गाडी थांबायला लागली, मागचे सहाशे किलो थांबायला तयार नव्हते. ट्रॉली दुमडली, गाडीला फिरवलं, आणि गाडीची डावी बाजू कठड्यावर आदळली. डावीकडे हा बसला होता.

त्याचा पाय मांडीत आणि घोट्यात मोडला. चार महिने तो झोपून होता. आपल्या तालुक्यात कबड्डी खेळणारा त्याच्यासारखा चढाईचा गडी नव्हता, हे मी सांगायला नको, इथल्या निम्म्या लोकांना त्याने बाद केलंय. त्यानंतर तो मैदानात उतरला नाही. तो आजही जिना चढताना कठडा धरतो, तुम्ही सकाळी पाहिलंच.

आणि मी सगळ्यांना सांगितलं, टायर फुटला. त्याच्या आईला सांगितलं टायर फुटला. माझ्या वडिलांना सांगितलं टायर फुटला. वडील माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, “फुटलेला टायर कुठाय?” मी म्हटलं, दरीत गेला. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. ते आता नाहीत. त्यांना कळलं होतं याची मला खात्री आहे, आणि त्यांना मी स्वतः सांगायला हवं होतं, ते राहून गेलं.

टायर फुटला नव्हता, मित्रांनो. चारही टायर, आणि ट्रॉलीचे दोन्ही, शाबूत होते. गाडी मी उलाळ भरली होती. मला आधी सांगितलं गेलं होतं. ज्याने सांगितलं त्याचा पाय मोडला.

सव्वीस वर्षं त्याने एका शब्दाने मला खोटं पाडलं नाही. कुणी त्याला विचारलं की तोही म्हणायचा, हो, टायर. बँकर इंजिन काय असतं हे मी तुम्हाला मघाशी का सांगितलं, ते आता कळलं असेल.

गेल्या महिन्यात मी त्याच्या घरी गेलो आणि विचारलं, मेळाव्यात हे बोलू का? तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “बोल. पण नुसता रडू नकोस. पवनेच्या धरणावर पोरं कॅम्पिंगला गाड्यांना ट्रॉल्या लावून यायला लागलीत, कुणी खाण्याची गाडी ओढत नेतं. त्यांच्या आयाबापांना माल कसा भरायचा ते सांग. माझा पाय तेवढा तरी कामाला येऊ दे.” म्हणून पुढची पाच मिनिटं त्याच्या सांगण्यावरून. स्मरणिकेत छापणार आहेत, तेव्हा लिहून घ्यायची गरज नाही.

पहिलं, गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक उघडा. ती गाडी मागे काही ओढायला बनवली आहे का आणि किती, ते त्यात बघा. नाही असं लिहिलं असेल तर विषय तिथेच संपला, कुणाही गॅरेजवाल्याचं ऐकू नका, माझंही नाही. हो असेल तर हूक आणि ट्रॉलीचं काम जाणत्याकडून करून घ्या, आणि आरटीओची नोंदणी व विमा आधी, रस्ता नंतर.

दुसरं, वजन किती. ट्रॉली आणि माल मिळून काट्यावर चढवा, अंदाजाने नको. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर गाडीच्या निम्म्याच्या आत, आणि पुस्तकातला आकडा त्याहून कमी असेल तर तो.

तिसरं, वजन कुठे. जड माल खाली आणि चाकांच्या वर, किंचित पुढे. भरलेल्या ट्रॉलीच्या वजनाचा साधारण दहावा भाग दांडीच्या टोकावर यावा. तीनशे किलोची ट्रॉली असेल तर सुमारे तीस किलो. मोजायला सोपं आहे. ट्रॉली सपाट जागी उभी करा, चाकांना उटी लावा, दांडीच्या टोकाखाली घरातला माणसं तोलायचा काटा ठेवा आणि मध्ये हुकाच्या उंचीचा ठोकळा. तीसच्या जागी पाच दाखवत असेल तर गाडी उलाळ आहे, माल पुढे घ्या. ऐंशी दाखवत असेल तर गाडीचं मागचं बूड खाली बसेल, पुढची चाकं हलकी होतील आणि स्टिअरिंग ऐकणार नाही, माल मागे घ्या. आधी कुठला माल उतरवायचा हा प्रश्न दुकानदाराचा आहे, रस्त्याचा नाही. दोरीने असं बांधा की माल वाटेत जागा बदलणार नाही.

चौथं, साखळ्या. हुकाशिवाय दोन साखळ्या, दांडीखालून एकमेकींवर फुली मारून. हूक निसटला तर दांडी रस्त्यात रुतत नाही, त्या फुलीच्या झोळीत पडते. मागचे दिवे, ब्रेकचा दिवा, इंडिकेटर लागतात का ते दुसऱ्या माणसाला मागे उभं करून बघा. आपल्याकडच्या पावसात आणि धुक्यात मागच्याला तुमचं शेपूट किती लांब आहे ते कळलं पाहिजे. पाच-सात किलोमीटर गेल्यावर एकदा थांबा, हूक बघा, दोऱ्या ताणा, चाकाच्या मध्यावर हात लावून बघा. चटका बसला तर बेअरिंग बिघडलंय.

पाचवं, घाट. चढाची काळजी करू नका. समजा 1 ला 20 चा चढ आहे आणि ट्रॉली तीनशे किलोची, तर चढासाठी जादा ओढ पंधरा किलोचा. गाडी खालच्या गिअरमध्ये तेवढा देईल, फक्त इंजिनाच्या तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवा. काळजी करा उताराची. ज्या गिअरने चढ चढता त्याच गिअरने उतरा, आणि गिअर उतार सुरू होण्याआधी टाका, मध्ये नाही. इंजिनाला गाडी धरू द्या. ब्रेकवर पाय ठेवून बसलात तर ब्रेक तापतात आणि ऐन गरजेला काम करत नाहीत. थोडा दाबा, सोडा, पुन्हा दाबा. आणि वेग. वेग दुप्पट झाला की थांबवायची ताकद दुप्पट नाही, चौपट लागते. वीसच्या जागी चाळीस म्हणजे चौपट. सर, हे मला तेव्हाही येत होतं, फक्त पेपरात आलं नव्हतं.

आणि सहावं सगळ्यात महत्त्वाचं. बरोबरचा माणूस म्हणाला की काहीतरी चुकतंय, तर उतरा आणि बघा. तो चुकीचा असला तर तुमची दहा मिनिटं जातील. ती पोती उतरवून पुन्हा भरायला मला वीस मिनिटं लागली असती. मी नंतर बसून हिशोब केलाय.

बाहेर उभी आहे ती ट्रॉली दुसरी आहे. पहिली मी स्वतः कापली. ही 2009 ची, कागदपत्रं पूर्ण, नंबर पाठीवर. आज साठ खुर्च्या आणताना सकाळी साडेसहाला हा माझ्याकडे आला. मी ट्रॉली भरून ठेवली होती, काट्यावर मोजून. तो काही बोलला नाही. हळूहळू चालत पुढे आला, एका हाताने दांडी उचलून बघितली, आणि म्हणाला, “दोन खुर्च्या अजून पुढे घे.”

मी घेतल्या.

एवढंच सांगायचं होतं. त्याच्या आईची माफी मागायला मी उशीर केला, त्या आता नाहीत. त्याची माफी मी महिन्यापूर्वी मागितली, तेव्हा तो म्हणाला, आधी वडापाव दे. म्हणून व्यासपीठावरून उतरलो की पहिलं काम ते. मारुती घाट चढते, मित्रांनो. पैज तो जिंकला. मी हरलो होतो हे कबूल करायला चाळीस वर्षं लागली, त्यात वडापाव बारा आण्यांवरून कुठे गेला ते तुम्ही जाणता.

खुर्च्या परत न्यायच्या आहेत. जेवण झाल्यावर चार जणांनी हात लावायला थांबा. भरायच्या कशा ते तो सांगेल.